डोंगर चढणाऱ्यांचे वाटे

कामिनोसे,
२० नोव्हेंबर

चि. फुसाए हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला गुडघ्याचा पट्टा मिळाला. बांधतो, पण चढण दिसली की गुडघा कुरकुरतोच. ओसाकाला तुझ्याकडे कायमचं यावं हा तुझा हट्ट कळला. पण मग फासे कोण लावणार? रानडुकरं रताळ्यांची शेतं उलथून टाकतात. फुकुओकाहून येऊन इथं घर केलेली मिनोरी शिकते आहे. ती तयार झाल्याशिवाय मी डोंगर सोडायचा नाही.

पोरगी कामसू, पण टापटिपीची भारी हौस. फाशाच्या मागेपुढे मी काटक्या आडव्या टाकल्या होत्या. डुक्कर काटक्या टाळतं आणि नेमका मधल्या मोकळ्या जागेत पाय ठेवतं. हिने शेजाऱ्याचं अंगण झाडावं तशी सगळी वाट लख्ख झाडून काढली. वर मलाच सांगते, येणाऱ्याच्या पायाखाली कचरा बरा दिसत नाही. मी कपाळावर हात मारला.

तब्येत जप. तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
दादा तोकुजिरो

ओसाका,
४ डिसेंबर

ती. दादास फुसाएचा शि. सा. न. वि. वि.

हसून हसून पुरेवाट झाली. लग्नाच्या वर्षी तू केसांना सुगंधी तेल चोपडून फासे लावायला गेला होतास, ते विसरलास वाटतं? त्या वासाने डुक्कर फिरकणार नाही म्हणून बाबांनी तुला ओढ्यात उभं करून घासलं होतं.

खरं सांगू? कुणीही शिकलं तरी तुला ते कच्चंच वाटणार. तू डोंगरात एकटा घसरलास तर कळणार कुणाला, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसतो. वसंतात ये.

मोठा आहेस म्हणून रागवू नकोस, माया असू दे.
तुझी फुसाए

कामिनोसे,
१८ जानेवारी

चि. फुसाए हिला अनेक आशीर्वाद.

गुडघा सुजला म्हणून परवा घरीच बसलो. मिनोरी, शेजारचा माकिओ आणि माझी कुत्री गोमा वर गेले. मिनोरीने स्वतः लावलेल्या फाशात चांगलं दांडगं डुक्कर सापडलं.

माझ्याच अंगणात वाटे घातले. आपली रीत तुला ठाऊकच आहे. जो डोंगर चढला त्याला सारखा वाटा, नवखा असो की मुरलेला, कुत्र्यालासुद्धा. जो चढला नाही, त्याला काही नाही. माकिओने भिडेपोटी माझाही वाटा काढला. मिनोरीने तो उचलला आणि बाकीच्या तिघांत सारखा घातला. म्हणाली, काकांनीच शिकवलंय, घरी बसणाऱ्याला वाटा नाही. माकिओ बिचारा मान वर करेना. मलाही राग आला, खोटं कशाला बोलू.

जाताना तिने गोमाचा वाटा माझ्या हाती दिला. कुत्रीला एकटीला एवढं पचायचं नाही, काकांनी थोडी मदत करावी, असं गंभीर चेहऱ्याने बजावून गेली.

सोयाबीनचा खारट मिसो घालून ते मांस शिजवलं आणि गोमाच्या जिवावर पोटभर जेवलो. मन भरून आलं, फुसाए. फासा लावायला कुणीही शिकेल, पण ही माझ्या तोंडावर माझीच रीत पाळायला शिकली.

वसंतात येतो. गोमाला आणणार नाही, ती मिनोरीकडे राहील. तिला अजून डोंगर चढायचा आहे.

भेटीपर्यंत आठवण ठेव.
तुझा दादा