बायकांच्या घाटावरचा पहारा

अण्णा, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. पण लढाईवरून परत आलात तो दिवस लख्ख आठवतो. आम्हाला वाटलं होतं, तोफांच्या गोष्टी सांगाल. तुम्ही सांगत बसलात समुद्राचं. तिकडे कुठल्याशा किनाऱ्यावर म्हणे माणसं नुसती उभी राहून अंघोळ करणाऱ्यांवर नजर ठेवतात आणि कुणी बुडू लागलं की उडी घेतात. "फुकाट! वळख न्हाई, पाळख न्हाई, आन् दुसऱ्याच्या जिवासाठी लाटंत शिरत्यात," असं सांगताना तुमचा चेहरा देवळात असतो तसा झाला होता. आई दुष्काळी कवठेमहांकाळकडची, लग्नाआधी एवढं पाणी एका जागी तिने पाहिलेलं नव्हतं. कृष्णामाईला ती लांबूनच हात जोडायची. ती म्हणाली, "आवं, लढाईतनं धड परत आलासा न्हवं? मग आता नदीत कशाला उड्या घेताय?"

पण तुम्ही ऐकणारे थोडेच! तालमीतले चार-पाच पैलवान गोळा करून सांगलीच्या घाटावर तुमचा पहारा सुरूही झाला. त्यात एक घोळ होता. बायकांच्या घाटाकडे पुरुषाने बघायचं नाही ही आपली रीत, म्हणून तिथले पहारेकरी नदीकडे पाठ करून उभे राहायचे. जीव वाचवायला आलेली माणसं, आणि तोंड रस्त्याकडे! आज हसू येतं. पण त्या श्रावणात एक माहेरवाशीण पाय घसरून धारेला लागली, आणि बायका ओरडेपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. ती सापडली नाही. तुम्ही ओल्या कपड्यांनीच घरी आलात, चुलीपाशी बसलात, आणि भाकरी थापणाऱ्या माझ्याकडे बघून म्हणालात, "तिकडं आता आपली पोरगी बघंल. बाईकडं बाईनं बघितलं तर कुणाची आब जातीया?" आईने कपाळावर हात मारला, "लगीन व्हायचंय तिचं!" त्यावर तुम्ही म्हणालात, "व्हईल की. पवणाऱ्या पोरीला नवरा मिळत न्हाई व्हय?"

मग पाठीला वाळके भोपळे बांधून मी, घोड्याएवढी झालेली पोरगी, पहाटे पाण्यात हातपाय मारू लागले. भोपळे सुटले, धार कळू लागली. धारेशी भांडायचं नाही, तिरकं कापत जायचं. आणि बुडणाऱ्या बाईच्या समोरून जायचं नाही. "मिठी मारंल, दोगी जाशीला. मागनं जा आन् अंबाडा धर." हे तुम्ही इतकं घोकून घेतलंत की मी झोपेतसुद्धा अंबाडे धरत असे.

पुढच्या पावसाळ्यातली ती सकाळ. पाणी तांबडं, पायऱ्या एकेक करून गिळत चढतंय, आणि एवढं मोठं पाणी, पण आवाज म्हणून नाही. समोर लाल आलवणातली एक सोवळी बाई वाकते आणि दिसेनाशी होते. मी उडी घेते. मागून जाते, अंबाड्याला हात घालते, आणि हात निसटतो. केस नाहीतच! विधवेचं डोकं भादरलेलं असतं हे ना तुमच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या. ती बाई गटांगळी खाऊन वर येते आणि त्यातही म्हणते, "शिवू नकोस गं, सोवळ्यात आहे!" मी तिच्या काखेत हात घालते. माझ्या तळव्याखाली तिचं काळीज धडधडत असतं. अण्णा, देव देव म्हणतात तो मला तिथे भेटला. कुणा परक्या बाईचं काळीज, आणि ते माझ्या मुठीत. मग धार तिरकी कापत आम्ही खालच्या पायऱ्यांना लागलो. तिने खोकून पाणी टाकलं आणि सोवळं विसरून माझं डोकं पोटाशी धरलं.

वर तुम्ही पाठमोरे उभे होतात. बायकांचा घाट, ओल्या बायका. तुम्ही वळला नाहीत. सगळं नुसतं ऐकलंत. "जित्ती हाय का?" तुम्ही ओरडलात. "व्हय, बाई जित्ती हाय!" बायकांच्या गलक्यातून मी छाती फुगवून सांगितलं. तुम्ही पुन्हा विचारलंत, "आगं, जित्ती हाय का?" मी वैतागले, "सांगितलं न्हवं? धडधाकट हाय बाई!" तेव्हा तुम्ही तिथेच पायरीवर मटकन बसलात.

पुढे माझ्या लेकीने विहिरीत पहिला सूर मारला आणि वर यायला वेळ लावला. काठावर उभ्या मला तिचं नावसुद्धा आठवेना. तोंडातून निघाले ते तुमचेच शब्द, "आगं, जित्ती हाय का?"

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलंय. त्या बाईला काढलं त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून मी जेवले नव्हते ना, ते खोटं होतं. मी तुमच्यावर रुसले होते. मला तेव्हा वाटलं, तुम्ही दोन्ही वेळा त्या बाईचंच विचारलंत.