उपवास नव्हता

आई, तुझी नात हल्ली दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असते, आणि ती जेवत नाही म्हणून लोक तिचं कौतुक करतात. म्हणून तुला लिहायला बसले. एरवी मंदिरातून येताना तुझ्याशी मनात दोन शब्द बोलते आणि इथं रिसोडच्या आमच्या दुकानाच्या कामाला लागते. पण हे दोन शब्दांत मावणारं नाही, आणि तुझ्याशिवाय कोणाला कळणारही नाही.

मेडशीतलं आपलं घर अजून डोळ्यांसमोर आहे. पुढं बाबांचं किराणा दुकान, मागं स्वयंपाकघर, मधल्या खोलीत तुझी सतरंजी. त्या वर्षी पर्युषण आलं त्याच्या कितीतरी आधीपासून तुझं जेवण सुटलं होतं. भाकरी थापता थापता मध्येच थांबून तू तव्याकडं बघत राहायचीस, भाकरी जळायची, वास दुकानापर्यंत जायचा. मग पर्युषण लागलं. आपल्यात तेव्हा जो तो उपवास करतो, त्यात तुझं न जेवणं सहज बसून गेलं. बाबांना कोणीतरी विचारलं, ‘‘वहिनींचा कितवा उपवास हाय?’’ बाबा म्हणाले, ‘‘मोजलेच नाही बाप्पा.’’ झालं! गावभर बोलबाला. बाया दर्शनाला येऊ लागल्या. उपवास करणाऱ्याला साता विचारायची, म्हणजे जिवाला बरं आहे ना हे विचारायची आपली रीत. एकेक जण येऊन तुझ्या पायांना हात लावी. ‘‘साता हाय ना, बाई?’’ तू मान हलवायचीस आणि त्या समाधानानं उठायच्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असायचे. माझी आई एवढी मोठी तपस्वी, शाळेत सांगताना माझी मान ताठ व्हायची.

पारण्याच्या दिवशी शेजारच्या काकूंनी मुगाचं पाणी घेतलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं. तो खरा उपवास. तुझ्या ओठाशी वाटी धरली तर तू तोंड फिरवलंस. लोक म्हणाले, वैराग्य आलं. त्या हिवाळ्यात साधा ताप आला, अंगात त्याच्याशी भांडायला काही उरलंच नव्हतं, आणि तू गेलीस. मेडशीच्या दुकानात तुझा फोटो आहे, खाली ‘तपस्विनी’ असं लिहिलंय. दादा रोज त्याच्यापुढं उदबत्ती लावून मगच गल्ल्याला हात लावतो. कोणी खोटं बोललं नव्हतं गं, आई. चांगला शब्द हाताशी होता, तोच सगळ्यांनी तुझ्या अंगावर घातला.

आता तुझ्या नातीचं ऐक. पुण्याला नोकरी करत होती, काम घरून चालतं म्हणून रिसोडला आमच्याकडं आली. आधी मला आनंदच झाला, पोट्टी डोळ्यांसमोर राहील. हळूहळू ताट परत यायला लागलं. पहाटेपर्यंत जागी, दुपारपर्यंत अंथरुणात, केसांना फणी नाही. काही विचारलं की, ‘‘आई, मी हीलिंगमधी हाय. मले ट्रिगर नको करू.’’ मी विचारणंच सोडलं. जेवली नाही तर ‘डिटॉक्स’, कोणाचा फोन घेतला नाही तर ‘बाउंड्री’, मैत्रिणीचं लग्न चुकवलं तर ‘सेल्फ लव्ह’. तिनं हे मोबाईलवर टाकलं की खाली शंभर जण लाल बदाम पाठवणार, ‘प्राउड ऑफ यू’ म्हणून. मला वाटायचं, आपल्याला इंग्रजी येत नाही, पोरगी शिकलेली आहे, असेल काहीतरी चांगलंच.

मग मीही ते व्हिडिओ बघायला लागले. हसू नको! एक बाई लिपस्टिक लावून सांगत होती, नवरा नार्सिसिस्ट, म्हणजे आपमतलबी, आहे हे कसं ओळखावं. सगळी लक्षणं जुळली. तुझ्या जावयाचीच काय, दुकानातल्या मांजराचीही जुळली. संध्याकाळी बिचारा चहा मागायला आला तर मी असे डोळे वटारले की स्वतःच गॅस पेटवून उभा राहिला. दुसरीनं सांगितलं, तुमच्या सगळ्या दुःखाचं मूळ तुमची आई. तेव्हा मात्र मला असा संताप आला की मोबाईल पलंगावर फेकला. माझी आई तुले काय माहीत व, भवाने? पण खरं सांगते, त्या बाया बोलतात गोड. ऐकून झालं की वाटतं, चला, काय झालंय ते कळलं. आणि करायला मात्र काहीच हाती लागत नाही, दोष कोणाला द्यायचा तेवढं कळतं.

बीपीच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेले होते. रांगेत उभी असताना भिंतीवरचा एक साधा कागद वाचला. झोप लागत नाही किंवा फार लागते, भूक गेली, कशातच मन लागत नाही, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटतं, मरणाचे विचार येतात. असं दोन आठवडे राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, हा आजार आहे, बरा होतो. बस, एवढंच. कोणाला नावं ठेवलेली नाहीत, कधीपासून हे विचारलेलं आणि जायचं कुठं ते सांगितलेलं. आई, वाचताना आधी पोरगी नाही आठवली. तू आठवलीस, तव्याकडं बघत बसलेली. गोळ्या न घेताच मी रांगेतून निघाले.

घरी आले तर ती ओट्यापाशी पाणी पीत होती. मी मेथी निवडायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, ‘‘झोप कधीपासून नाही व तुले?’’ म्हणाली, दिवाळीपासून. ‘‘आन् जीव द्यावा वाटते का?’’ असं विचारलं की तो विचार डोक्यात भरतो म्हणतात, पण तिचा चेहरा उलट सैल झाला. मग म्हणाली, ‘‘द्यावा असं नाही व आई. पण सकाळी उठलोच नाही तं बरं होईल, असं वाटते.’’ कितीतरी महिन्यांनी ती तिच्या स्वतःच्या भाषेत बोलली होती. मी मेथीच्या हातांनीच तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी रडलो.

वाशिमला मनाच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं तेव्हा दादाला फोन केला. म्हणाला, ‘‘पोरीले ने, पैसे लागले तं मी हाओ. पण आईले मधी आणू नको. आईचं नाव हाय गावात.’’ मी हो म्हटलं. आणि वाशिमला डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच विचारलं, घरात आधी कोणाला असा त्रास होता का? पोरगी माझ्याकडं बघायला लागली. ती लहानपणापासून तपस्विनी आजीच्या गोष्टी ऐकत आली होती. मी म्हणाले, ‘‘माझ्या आईले. लोक उपवास म्हणत. उपवास नव्हता तो.’’

तुझं नाव घालवलं, असं वाटून मी पदर तोंडाला लावला. डॉक्टरीण तुझ्या नातीपेक्षा थोडीशीच मोठी असेल. शांतपणे म्हणाली, ‘‘ज्यांना मी पाहिलंच नाही त्यांना काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही. तुम्ही पाहिलेलं सांगितलं, त्याचा हिला उपयोग होईल.’’ किती बरं वाटलं मला! तुला तिनं कोणतंच नाव दिलं नाही. पोरीनं विचारलं, ‘‘मॅडम, हा ट्रॉमा आहे का?’’ तर म्हणाली, असू शकतो, तो खराच असतो, पण आधी झोप आणि जेवण जागेवर आणू, मग बोलत बोलत बघू. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मग एकदम म्हणाली, ‘‘आजीले खायले काय आवडे?’’

आई, मला आठवेना. तुझं न खाणं एवढं सांगितलं, ऐकलं आम्ही, की तू खायचीस काय ते कोणीच जपलं नाही. पोरगी वाट बघत होती. मी म्हणाले, ‘‘मुगाचे धिरडे. लसूण-कांदा नसलेले, वरून तूप.’’ दुसऱ्या दिवशी ती आपणहून ओट्याशी आली आणि म्हणाली, आजीचे धिरडे कर. एक खाल्लं तिनं. दुसरं अर्धं.

हे तिला दाखवणार नाही, दादालाही नाही. धिरड्याचं मी मनानंच ठोकून दिलं होतं. तुला आवडायचं का गं?