ओला खडू

मुलुंड (पूर्व)
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

प्रिय क्षमे,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा तसाच आहे, सोसायटीची लिफ्टही तशीच आहे. आधी कोण दुरुस्त होतं यावर घरात पैज लागलीये.

फोन केला असता, पण बुधवारी तूच म्हणालीस की मीरा, तू तोंड उघडलंस की मस्करीच बाहेर पडते. म्हणून लिहितेय. लिहितानाही थोडी पडेल, सांभाळून घे.

गार्गीने ग्रुपवर सहलीचे दोनशे अकरा फोटो टाकलेत. त्यातले शंभर तरी तिच्या हातातल्या ग्लासचे. वाइन पाच प्रकारची होती, पण बाईंना पाचही ग्लासांत पेरूच सापडला. रत्नप्रभा 'मी नुसती द्राक्षं बघायला येतेय' म्हणून आली आणि दुसऱ्या ग्लासनंतर वाइन चाखवणाऱ्या त्या टायवाल्या गृहस्थांना भाचीसाठी गोत्र विचारू लागली. चार शाळामैत्रिणींनी पन्नाशीनंतर नाशिकपर्यंत जायचं आणि तिथे बसून कार्डावर वास लिहायचे. आपल्या शाळेत ह्याला परीक्षा म्हणायचे.

त्या कार्डाबद्दलच लिहायचंय.

तिसऱ्या ग्लासपर्यंत मी कंटाळले होते. ते गृहस्थ म्हणत होते, ग्लास फिरवा, नाक आत घाला, जे आठवेल ते लिहा. मला काही आठवेना, म्हणून ठोकून दिलं: 'ओला खडू, दालचिनी, जुनं चामडं.' ह्यातला एकही वास मला आला नव्हता. त्यांनी कार्डं गोळा केली, वाचली आणि चेहरा उजळला त्यांचा. दोन वेगळ्या नाकांना ओला खडू सापडणं हे त्यांच्या उभ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. तुझ्या कार्डावर तेच तीन वास होते. त्याच क्रमाने.

दहावीपर्यंत आम्ही तिघी तुझं बघून लिहायचो, क्षमे. तू कुणाचं बघितलेलं मला आठवत नाही.

मला तिथेच कळलं. आणि कळूनही मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, ही माझं बघून लिहितेय, हिला बाकावर उभी करा." हशा मिळाला. तूही हसलीस. मग पुढचे दोन ग्लास तू नाकापर्यंत नेलेच नाहीस, तेही मी पाहिलं.

परतताना इगतपुरीला चहाला थांबलो, तेव्हा गाडीच्या मागे नेऊन तू मला सांगितलंस. गेल्या वर्षीच्या तापापासून वास गेलाय, परत येईल याची डॉक्टरांना खात्री नाही, घरात कुणाला माहीत नाही, लेकीलाही नाही. माझा हात घट्ट धरून म्हणालीस, "सईला कळता कामा नये." मी हो म्हटलं. नाकच तर आहे, असं वाटलं होतं मला.

मग बुधवार. मी ओजससाठी शिवलेली झबली घेऊन नाहूरला आले, तर तुझ्या दाराबाहेरच वास. तू दार उघडलंस, हातात मेथीची जुडी. मी तुला ढकलून आत गेले. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, कॉक चालू, आणि तिच्याकडे पाठ करून तू तीन हातांवर भाजी निवडत बसली होतीस. मी कॉक बंद केला. तेवढ्यात तू काय झालं म्हणत पंखा लावायला गेलीस आणि मी तुझा हात बटणावरून खेचला. माझी नखं लागली असतील.

खिडक्या उघड्या टाकून आपण जिन्यात जाऊन बसलो. सोमवारपासून सई कामावर रुजू होणार आणि तिचा सहा महिन्यांचा ओजस रोज सकाळी साडेनऊपासून तुझ्याकडे राहणार. त्याच्यासाठी तू निवृत्तीच्या आठ वर्षं आधीच बँकेची नोकरी सोडलीस. हे दोघींनाही माहीत होतं.

"तू येशील रोज?" तू विचारलंस. "काही करू नकोस. नुसती बस."

मी म्हटलं, "म्हणजे मी काय, धोक्याची घंटा?" आणि चप्पल घातली.

क्षमे, काल सई पाळणा न्यायला माझ्याकडे आली होती. तिने सरळच विचारलं, मावशी, आई माझ्यापासून काय लपवतेय? मी सांगितलं. ताप, वास, दूध, सगळं. ती ओरडली नाही. पाळणा होता तिथेच ठेवला. घाटकोपरला तिच्या ऑफिसजवळ पाळणाघर आहे, ओजसला तिथे घालते म्हणाली. आईला मी रविवारी सांगेन, तोवर तू बोलू नकोस, असंही म्हणाली. तेही वचन मी आत्ता मोडतेय.

बाळासाठी सांगितलं, असं मी तिला म्हटलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. जिन्यात तू विचारलंस, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ओजस नव्हता. रोज सकाळी आवरून नाहूरला यायचं, वर्षभर, कदाचित दोन वर्षं, हे होतं. सईला सांगून टाकलं की मला यावं लागणार नव्हतं. तू मला विचारलं होतंस, तेवढंच मी तिच्यापासून लपवलं.

गॅस ओळखणारं यंत्र भिंतीला लावता येतं, ते लावू. पण बाटलीतलं नासलेलं दूध यंत्राला कळत नाही. त्याला माणूसच लागेल.

सई रविवारी अकराला येणार आहे. मी साडेदहाला येते. तू मला विचारलंस आणि मी पळाले, हे तिला तुझ्यासमोर सांगेन, आणि सोमवारपासून येते, असंही. ती ऐकेल की नाही, माहीत नाही. तू दार उघडलं नाहीस, तर जिन्यात थांबून तिला तिथेच सांगेन. मला घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

पत्र खाली तुझ्या पेटीत टाकून जातेय. आज बेल वाजवायचं धाडस नाही.

जिला विचारायला नको होतंस आणि तरी विचारलंस, ती,
मीरा