मला ओळखणारं माणूस

प्रिय मालतीताई,

काल दुपारी माझा ब्रिटिश पासपोर्ट आला. कुरिअरवाल्याने नाव विचारलं तर मी ते दोनदा सांगितलं! पाकीट फोडलं, आतला फोटो बघितला आणि सवयीने तुम्हाला हाक मारली. या भाड्याच्या खोलीत ओ कोण देणार? तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. म्हणून मग वही घेऊन बसले.

या पाच महिन्यांत मी फार घाबरले हो, ताई.

मेडनहेडहून मी तुमच्या दारात आले तो दिवस आठवतो? हातात एक पिशवी, आणि पिशवीत माझा भारतीय पासपोर्ट. राजेश तो कपाटात कुलूप लावून ठेवायचा. हवा असला की नवऱ्याकडे मागायचा, वर कशाला हवा तेही सांगायचं. तो जिमला गेला असताना किल्ली हाती लागली आणि मी सरळ स्टेशन गाठलं. बर्मिंगहॅममध्ये मला ठाऊक असलेलं एकच माणूस म्हणजे तुम्ही, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोनदा भेटलेल्या रिटायर्ड डॉक्टर. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. "वरची खोली रिकामीच आहे, शुभांगी. माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही," एवढंच म्हणालात. मी तीन वर्षं राहिले.

सिटिझनशिपच्या अर्जावर तुमची सही होती. "पासपोर्टच्या वेळी तुझी ओळखही मीच पटवणार. तुझ्यासारखी घाबरट मुलगी लाखात ओळखू येईल," असं म्हणून हसलात. मग थांबायचं ना थोडं! समारंभाला तुमची खुर्ची रिकामी होती. मी शपथ घेतली, सर्टिफिकेट घेतलं आणि बसने एकटी घरी आले.

पासपोर्टच्या फॉर्मवर एक पान असतं. तुम्हाला निदान दोन वर्षं ओळखणारं, नात्यातलं नसलेलं, ठरावीक पेशातलं, ब्रिटिश पासपोर्ट असलेलं माणूस हवं. त्याने ऑनलाइन सांगायचं, हो, फोटोतली बाई तीच आहे. त्या पानावर मी तीन दिवस अडकले. तेरा वर्षं या देशात काढली आणि मला ओळखणारं कोण?

हॉस्पिटलच्या किचनमध्ये मला जेमतेम एक वर्ष झालंय. माझ्या जीपीच्या दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनिस्ट म्हणाली, "डॉक्टर तुमचे मित्र आहेत का? नुसते डॉक्टर असून चालत नाही." अर्जावर तुमच्याबरोबर सही करणारी शेजारची जोन आता नर्सिंग होममध्ये असते. तिला भेटायला गेले तर तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तू नवीन नर्स का?"

मग एक चूक केली. रागावू नका. मंडळातले एक काका अकाउंटंट आहेत, त्यांना फोन केला. ते गोड आवाजात म्हणाले, "करतो की, त्यात काय! फक्त एकदा राजेशच्या कानावर घालतो. उगाच गैरसमज नको." मी "राहू द्या, काका" म्हणून फोन ठेवला. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला: राजेश चौकशी करत होता, सध्याचा पत्ता पाठव. ताई, त्या दिवसापासून मी बस एक स्टॉप आधी सोडते आणि चालत येते. दारावर थाप पडली की आधी दिवा बंद करते.

राहिली फक्त अंजू. तुमची मुलगी, इथेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी, कार्डिफला सॉलिसिटर, तीन वर्षं दर महिन्याला घरी येणारी. सगळ्या अटींत बसणारी. तरी तिला विचारायला माझी छाती होत नव्हती. का, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या शेवटच्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत येताना तुम्ही धाप लागून दोनदा भिंतीला टेकलात. मी म्हणाले, "अँब्युलन्स बोलावू का?" तुम्ही म्हणालात, "मी डॉक्टर आहे की तू?" "मग अंजूला तरी सांगते." "अजिबात नाही! ती कार्डिफहून गाडी दामटत येईल. उद्या बघू."

का ऐकलं मी तुमचं? सकाळी तुम्ही झोपलेल्या दिसलात म्हणून चहा उशाशी ठेवून, दार लोटून मी कामावर गेले. दुपारी परत आले तेव्हा चहाचा कप तसाच होता आणि तुम्ही नव्हतात. फ्युनरलच्या दिवशी अंजूने मला विचारलं, "आदल्या दिवशी आई ठीक होता ना?" आणि मी म्हणाले, "हो."

त्या एका 'हो'ला मी राजेशपेक्षा जास्त घाबरत होते.

एप्रिलमध्ये ती घर आवरायला आली तेव्हा मी गेले. स्वयंपाकघरात सगळीकडे खोके होते आणि अंजू तुमचे स्टीलचे डबे पेपरात गुंडाळत होती. मी कसंबसं विचारलं. तिने मान वरही केली नाही. "ऑफ कोर्स. त्यात विचारायचं काय? माझी ईमेल टाक." मी तिथेच फोनवर अर्ज पूर्ण केला, पैसे भरले. तिच्या फोनवर लिंक आल्याचं टिंग वाजलं. ती हात पुसून फोन उचलणार, तेवढ्यात मी म्हणाले, "थांब, अंजू. मी तुझ्याशी खोटं बोललेय."

सगळं सांगितलं. तुमची धाप, भिंत, 'उद्या बघू'. तिने हातातला डबा खोक्यात न भरता ओट्यावर ठेवला.

"मी तुला विचारला होता."

"हो."

"आणि तू माझ्या तोंडावर हो म्हणालीस."

"हो."

"प्लीज, आत्ता तू जा, शुभांगी."

मी गेले. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे जुना पासपोर्ट आणि सर्टिफिकेट पोस्टात टाकलं. काउंटरवरच्या बाईने पाकीट ओढलं तरी मी सोडेना! जी वस्तू घेऊन घर सोडलं, ती पुन्हा दुसऱ्याच्या ताब्यात. आता हातात ना जुना पासपोर्ट, ना नवा. अकोल्याला आईला काही झालं तर? अंजूने नाहीच म्हटलं तर? 'मी हिला ओळखत नाही' असं तिने कळवलं तर? कामावर ट्रॉली ढकलताना वॉर्ड चुकायचे. एका आजोबांना मधुमेहाच्या जेवणाऐवजी कस्टर्ड देणार होते, सिस्टरने हात धरला. अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी ईमेल आली: तुमची ओळख पटली आहे. मी किचनच्या मागच्या पायरीवर बसून ती चार वेळा वाचली. संध्याकाळी अंजूचा फोन आला.

"मी केला कन्फर्म. कारण मी तुला ओळखते, ते खरं आहे. पण माझा राग गेली नाही अजून. तेपण खरं आहे."

मी म्हणाले, "राग जाऊ नको देऊस. फक्त फोन करत जा."

ती रडायला लागली. म्हणाली, "आई मला पण हेच करायची. काय झालं तरी सांगायची नाही. आता मी तिच्यावर पण रागावते, आणि ती नाही आहे!"

ऐकताय ना, ताई? आम्ही दोघी तुमच्यावर रागावलोय. 'उद्या बघू' म्हणायला नको होतं तुम्ही.

नव्या पासपोर्टात नवऱ्याचं नाव कुठेच नाही. जुन्यात शेवटच्या पानावर होतं. काल पुन्हापुन्हा पानं उलटून पाहिली. भीती गेली म्हणू? नाही गेली. आता आईला भेटायला जायचं तर व्हिसा काढून माझ्याच देशाची परवानगी घ्यावी लागणार. आणि राजेश कुठे तरी आहेच.

पासपोर्टाच्या मागे एक कोरी जागा असते. काही झालं तर कुणाला कळवायचं, ते आपल्या हाताने लिहायचं. माझं पेन तिथेच अडलं. शेवटी अंजूला फोन लावला आणि विचारलं, "तुझं नाव लिहू का?"

ती म्हणाली, "लिही. पण इंग्लिशमध्ये. तुझी मराठी अक्षर एअरपोर्टवर कोण वाचणार?"

लिहिलं, तिच्या कार्डिफच्या नंबरासकट. खाली दुसऱ्या नावासाठी रेघ होती, ती कोरी सोडली. ताई, एक वचन देते. ती रेघ मी कोरी राहू देणार नाही. घाबरत घाबरत का होईना, या गावात आणखी एक माणूस ओळखीचं करीन.

तुमची,
शुभांगी