रघूचा वरचा सूर

मद्रास, रविवार, १२ जानेवारी १९५८

नुंगंबाक्कमच्या शाळेच्या हॉलमध्ये आज माझा धाकटा भाऊ रघू पहिल्यांदा एकटा गायला. इटालियन ऑपेरातलं गाणं. वरच्या सुराला आवाज फाटला आणि तो थांबलाच. तेवढ्यात मागून अप्पा मोठ्यांदा म्हणाले, "परत घे रे, रघू!" सूटबूटवाले सगळे वळून बघायला लागले. आणि हेच अप्पा, पोटच्या पोरानं कर्नाटक संगीत सोडलं म्हणून दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरलेले! रघूनं पियानोवाल्या बाईंना खूण केली आणि पहिल्यापासून गायला. काय लागला तो वरचा सूर! एवढ्या लोकांसमोर मला जमलं असतं का? छे.

बसमध्ये अप्पांनी त्याला विचारलं, "त्या गाण्याचा अर्थ काय रे?"

रघू घर येईपर्यंत सांगत होता.