उरलेलं एक भविष्य

तीर्थस्वरूप आत्या,

गेल्या शनिवारी संध्याकाळी, आमच्या जुन्या शाळेच्या रंगमंचावर, गळ्यात वायरींचं भेंडोळं अडकवून उभा असताना मला भरल्या सभागृहात ‘या शाळेची भावी मुख्याध्यापिका’ म्हणून जाहीर करण्यात आलं, आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. पण ते मागाहून. आधी तुला नमस्कार, तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार (उजवा सध्या नीट वागतो आहे असं आईकडून कळलं, तेव्हा त्याचं नुसतंच कौतुक), आणि आतोबांच्या खोकल्याची आदरपूर्वक चौकशी. चौकशीवाचून सुरू झालेलं पत्र तू पुढं वाचत नाहीस हे मला ठाऊक आहे. इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे आई मजेत आहे. बाबा आणि मी एका घरात राहतो, एवढंच सांगतो.

तुला आठवत असेल, मी कॉलेज सोडलं त्याला आता वर्ष होत आलं. (तू फोनवर म्हणाली होतीस, “सोडलंस की सुटलं?” तो प्रश्न मला अजून झोंबतो.) खरी हकिगत अशी की, आमच्या सरांनी उशिरा आलेल्या एका मुलाला वर्गाबाहेर उभं केलं, तो अन्याय मला सहन झाला नाही, मी उठून भांडलो, आणि भांडणाच्या भरात म्हणालो की असल्या ठिकाणी मी उद्यापासून पाऊल ठेवणार नाही. मग ऑफिसात जाऊन तसं लिहूनही दिलं. मला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, अरे थांब, शांत हो, पाणी घे. कारकून म्हणाला, “इथं सही.” झालं. ज्या मुलासाठी भांडलो तो दुसऱ्या दिवशी वेळेवर आला आणि आता छान शिकतो आहे. त्याच संध्याकाळी बाबांशीही वाजलं, आणि त्यांच्या तोंडावर मी सांगून बसलो की मेलो तरी त्या कॉलेजची पायरी चढणार नाही. तेव्हापासून आमच्यात फक्त ‘पंखा बंद कर’ आणि ‘केला’ एवढंच बोलणं होतं.

सध्या मी हॅलोकाकांकडे कामाला आहे. हॅलोकाका म्हणजे लाउडस्पीकरवाले. ते आयुष्यभर माइकसमोर ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणत आले, त्यामुळं त्यांचं खरं नाव त्यांच्या घरीही फारसं कोणी घेत नाही. समारंभ असेल तिथं स्पीकर नेऊन लावायचे, वायरी पसरायच्या, माइकमधून शिट्टी आली की धावायचं, आणि शेवटी सगळ्या वायरी पुन्हा गुंडाळायच्या. (वायर गुंडाळणं वाटतं तितकं सोपं नाही, आत्या. कोपरावर गुंडाळलीस तर पीळ पडतो. मोकळ्या हातानं, एक वेढा असा आणि एक वेढा तसा घ्यावा लागतो. काकांनी मला महिनाभर दुसरं काही करू दिलं नाही.) तर शनिवारी काम निघालं ते नेमकं आमच्याच शाळेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ!

आता या समारंभाची रीत तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या शाळेत निरोपाच्या दिवशी नुसती भाषणं होत नाहीत. आधी मुलं वर्षभराच्या आठवणी सांगतात (म्हणजे कोणी कोणाचा डबा खाल्ला, याच्या फिर्यादी), आणि मग ‘पंधरा वर्षांनंतर’ होतं. प्रत्येक जण पुढं जो कोणी होणार त्याचा वेष करून रंगमंचावरून चालत जातो, आणि त्याचं भविष्य मागच्या पडद्याआडून एक आवाज सांगतो. ते भविष्य वर्गमित्रांनीच लिहिलेलं असतं, त्यामुळं त्यात प्रेम आणि सूड दोन्ही असतात. सांगणारा कोणालाही दिसत नाही आणि त्यालाही कोणी दिसत नाही. चित्रकलेच्या सरांचं म्हणणं असं की, भविष्याला आवाज असतो, चेहरा नसतो. त्यांनी हे कुठून आणलं देव जाणे, पण रीत पडली ती पडली.

आमच्या वर्षी हा आवाज आमच्या वर्गाच्या मॉनिटरचा होता. तिच्याबद्दल मी तुला पूर्वी कधी लिहिलेलं नाही. (आईनं लिहिलं असेल तर त्यातलं निम्मं खोटं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नकोस.) मी इंजिनिअरचं हेल्मेट घालून ऐटीत निघालो, आणि पडद्यामागून ती म्हणाली, “हा पंधरा वर्षांनंतरही भांडत असेल. कोणाशी, ते तेव्हा बघू.” सभागृह कोसळलं. मी तिथंच थांबून, हे खोटं आहे, असं तावातावानं तीन-चार वाक्यांत सांगितलं. मग तर लोक खुर्च्यांवरून घसरले. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं. कॉलेजात ती माझ्याच वर्षाला, वेगळ्या शाखेत होती. न बोलण्यासाठी मला रोज लांबच्या जिन्यानं जावं लागे, कारण जवळच्या जिन्यावर ती भेटायची. आणि ज्या दिवशी ती लांबच्या जिन्यावर भेटायची नाही, त्या दिवशी मला जेवण जायचं नाही. याला काय म्हणतात ते तूच ठरव.

तर शनिवारी शाळेच्या फाटकाशी आमची हातगाडी आली. रखवालदार म्हणाला की सामान मागच्या दारानं न्या. मी म्हणालो की मागच्या दाराला पायऱ्या आहेत, पेट्या जड आहेत, आणि मी याच शाळेत शिकलो आहे. तो म्हणाला, तरीच. मग मात्र माझा आवाज थोडा चढला. (काका म्हणाले की तो स्पीकर न लावता शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोचला.) आणि नेमकी त्याच वेळी रखवालदाराच्या मागून ती आली. चित्रकलेच्या सरांनी तिला यंदाही आवाज द्यायला बोलावलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, हातातल्या घड्याळाकडं पाहिलं, म्हणाली, “पंधरा वर्षं व्हायला अजून वेळ आहे ना?” आणि आत गेली. मी पेटी उचलून मुकाट्यानं मागच्या दारानं गेलो. तिथं पायऱ्या आहेतच.

आता खरा घोटाळा ऐक. रंगमंचाच्या कडेला, जिथं मी वायरी घेऊन बसलो होतो, तिथं वेष केलेली मुलं रांगेनं उभी होती. त्यात काळ्या कोटातली एक मुलगी मुसमुसत होती. कोट तिच्या वडिलांचा, बाह्या गुडघ्यापर्यंत. घरात आजोबांपासून सगळे वकील, म्हणून हीही वकील, असं घरच्यांनी ठरवलेलं. आत्या, मला असलं काही दिसलं की डोकं भणभणतं. मी तिला म्हणालो, मग जाऊच नकोस! कोण काय करतंय! कोणाच्या सांगण्यावरून आयुष्य काढायचं नसतं! (आणखीही बरंच म्हणालो. उत्तम भाषण झालं.) तिनं डोळे पुसले, रांगेतून बाहेर पडली, आणि माझ्या मागच्या रिकाम्या पेटीवर बसून बिस्किटं खाऊ लागली. मी स्वतःवर खूश. आणि तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, “आता येत आहे, समोरच्याला एक शब्दही बोलू न देणारा आपला वकील!” आणि रंगमंचावर निघाला तो रांगेतला पुढचा मुलगा. उंच पांढरी टोपी घातलेला स्वयंपाकी! वर्गात वर्षभर एक शब्द न बोललेला! तो घाबरून तसाच चालत राहिला.

तुझ्या लक्षात आलंच असेल. एक मुलगी कमी झाली आणि सगळ्यांचं भविष्य एकेक घर सरकलं. पांढऱ्या कोटातला, हातात सुई घेतलेला डॉक्टर आला, तर आवाज म्हणाला, “याच्या हातचं एकदा चाखलेला माणूस पुन्हा दुसरीकडं जाणार नाही.” त्याच्या मागून विमान चालवणारी मुलगी आली, तिला पाहून म्हणे निम्मे पेशंट भीतीनंच बरे होतील. तिला ते इतकं आवडलं की तिनं लोकांकडं डोळे वटारून पाहिलं. एका पैलवान मुलाला ‘हा कायम ढगांत असेल’ म्हटल्यावर त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, हे मात्र बरोबर आहे. डॉक्टरचे वडील उठून उभे राहिले होते. सगळं सभागृह हसत होतं, आणि पडद्यामागं तिला वाटत होतं की मुलांनी लिहिलंच तसं झकास आहे, म्हणून ती आणखी रंगात येऊन वाचत होती.

काका मला म्हणाले, “अरे, तिला जाऊन सांग.” मी म्हणालो, “तुम्हीच सांगा.”

“मी माइक सोडून कुठं जाऊ? दोन पावलांवर तर बसलीय.”

“आमचं बोलणं नाही, काका.”

“इथं वर्गाच्या वर्गाचं आयुष्य चुकतंय आणि तुझं बोलणं नाही?”

त्यात मागून ती काळ्या कोटातली मुलगी, बिस्किट खात, अगदी भाबडेपणानं विचारते, “दादा, तुम्हीपण कॉलेज असंच सोडलं ना? काका सांगत होते. मग आता छान वाटतं का?” आत्या, एवढं मोठं भाषण ठोकलेल्या मी हातातली वायर खाली ठेवली. मी उठलो आणि पडद्यामागं गेलो. (प्रश्न टाळायला गेलो, हे कबूल. पण गेलो.)

तिला सगळं सांगितलं. तिनं माइकवर हात ठेवून विचारलं, आधी का नाही आलास? मी म्हणालो, आपलं बोलणं बंद आहे. ती म्हणाली, “हो का? मला कोणी कळवलंच नाही. मला वाटलं, तुला तो लांबचा जिना आवडतो.” मग तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. रांग संपली होती आणि तिच्या हातात एक भविष्य उरलं होतं. म्हणाली, मुलांनी कष्टानं लिहिलंय, वाया घालवायचं नाही, जा. आणि मला पुढं ढकललं. त्यापुढं काय झालं ते पहिल्या ओळीत लिहिलंच आहे. पहिल्या रांगेत खऱ्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि आश्चर्य ऐक, मला राग आला नाही. मीही हसलो. मग पडदा बाजूला सारून ती स्वतः बाहेर आली, आणि काळ्या कोटातल्या मुलीला हाताला धरून तिनं मधोमध आणलं, माइक दिला, म्हणाली, तुझं तू सांग. त्या पोरीनं सांगितलं की तिला पंधरा वर्षांनंतरचं काहीच माहीत नाही, पण आज मजा आली. सर्वांत जास्त टाळ्या तिला.

वायरी गुंडाळताना मॉनिटर जवळ आली. म्हणाली, “कॉलेजचं कॅन्टीन फार शांत झालंय.” मी म्हणालो, मी रागावून सोडलंय, आता कसा परत येऊ? तर म्हणते, “रागावून गेलास ना? मग रागावूनच परत ये. तुला नुसतं चालत यायला कुठं येतं?” एवढं बोलून, कोपरावर वायर गुंडाळून (चुकीची!) माझ्या हातात दिली आणि गेली. ती वायर मी अजून सोडवलेली नाही.

तर अशी गंमत. तुला हसू यावं म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही. गुडघ्याला शेक देत जा. आतोबांना नमस्कार.

तुझा,
भाचा

ता. क. कॉलेजात पुन्हा नाव घालायचं तर पालकांना बरोबर न्यावं लागतं म्हणे. सहज कळलं.

ता. क. दुसरा. आत्या, तुझं बाबा ऐकतात. तू त्यांना फोन कर आणि सांग की त्यांनी मला कॉलेजसाठी चांगलं फैलावर घ्यावं. मी दोनदा नाही म्हणेन, तिसऱ्यांदा पाय आपटून कबूल होईन. म्हणजे मी आपणहून गेलो असं दिसणार नाही. तेवढं तिसऱ्यांदा ओरडायला त्यांना विसरू देऊ नकोस. आणि हे सगळं मॉनिटरसाठी नाही.

ता. क. तिसरा. बरं, थोडं आहे.

ता. क. चौथा. फोन करू नकोस. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “पंखा बंद कर.” मी ‘केला’ म्हणालो, आणि पुढं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर तेही थांबले. अजून थांबलेत. पेपर उलटल्याचा आवाज नाही. एवढा वेळ त्यांनी माझी वाट कधी पाहिलेली नाही. त्यांना ओरडायला लावणं बरं दिसत नाही. मीच जाऊन विचारतो, उद्या याल का माझ्याबरोबर. आई आत झोपली आहे, तेव्हा दार हळूच लावून घेतो.