माझी मोटरची खुर्ची आणि अष्टमीचे दर्शन

सोमवार, १८ ऑक्टोबर १९९३. सकाळी सव्वादहा.
नेमक्या या वेळी माझ्या मोटरवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीने दगा दिला. हिरवा दिवा लागतो, मोटर गुणगुणते, खुर्ची ढिम्म. शुक्रवारी अष्टमी. टेंभी नाक्याच्या देवीला यंदा मी एकटी जाणार, हे अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसले आहे. गेल्या वर्षी साध्या खुर्चीतून धाकट्या बहिणीने, गोदाने, ढकलत नेले. वाटभर ओरडत होती, "सरका हो, पेशंट आहे!" मी पेशंट नाही. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस आहे.
निश्चय: खुर्ची स्वतः दुरुस्त करणे. कुणाची मदत नको.

दुपारी.
कंपनीला फोन. पलीकडचा इसम म्हणे, "मॅडम, चाकाजवळचा खटका वर आहे का? हाताने ढकलायला तो वर करतात." गुड आफ्टरनून नाही, काही नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी वर्गाबाहेर उभा केला असता. खटक्याला मी बोटही लावलेले नाही, असे सुनावून फोन ठेवला.

मंगळवार.
निदान झाले: बॅटरी. दिवसभर चार्ज केली. बॅटरी नव्हे.
गोदा सांगत होती की रविवारी फरशी पुसताना खुर्ची सरकवायला तिने... तिथेच गप्प केली. मी विचार करत असताना बोलायचे नाही, हे तिला लहानपणापासून सांगते आहे.

बुधवार.
दिवाणावर पालथी पडून खुर्चीखालचे झाकण उघडले. गोदाने टॉर्च धरला. याला मदत म्हणत नाहीत, उजेड म्हणतात. वायरी मळकट. दोन्ही मोटरींच्या काढून स्वच्छ पुसल्या, परत लावल्या. लाल कुठे, काळी कुठे, हे नीटसे आठवेना. पण दोन्हीकडे सारखेच केले. पक्षपात माझ्या स्वभावात नाही.

गुरुवार.
गोदाने न विचारता खटका खाली केला. त्याच क्षणी खुर्ची चालली. योगायोग. वायरी पुसल्याचा गुण यायला एक दिवस लागतोच.
किरकोळ बाब: खुर्ची चालवायची हाताजवळची स्टिक पुढे लोटली की खुर्ची मागे जाते, मागे ओढली की पुढे. गोदा म्हणाली, "ताई, वायरी उलट्या लावल्यास गं." म्हटले, सवय होईल. इंग्लिशही आधी उलटेच वाटले होते.

शुक्रवार, अष्टमी. संध्याकाळी.
नाक्यापर्यंत एकटी गेले. स्टिक मागे, खुर्ची पुढे. उत्तम. मंडपात स्वयंसेवकांनी वाट करून दिली. देवी दिसली, भान हरपले, आणि जवळ जावे म्हणून स्टिक जोरात पुढे लोटली.
मागे. जितकी पुढे लोटावी तितकी मागे. आमची मासेवाली शेवंती रांगेतून ओरडली, "बघा गो, बाई देवीआयला पाठ नाय दाखवीत!" झाले. बायका मलाच हात जोडू लागल्या. एकीने पायांवर फूल ठेवले. मी उलट्या पावली थेट रस्त्यावर, नारळवाल्याच्या गाडीवर. ओटीचे ताट तसेच मांडीवर.
गोदा मागोमाग आलेलीच होती. तिने खटका वर केला आणि मला पुन्हा देवीसमोर नेले. याला ढकलणे म्हणत नाहीत. दिशा मी सांगत होते.

रात्री जेवणानंतर.
कंपनीला पत्र लिहिले. आपल्या खुर्चीने भर मंडपात एका सुशिक्षित स्त्रीला उलटे का नेले, याचा लेखी खुलासा शुक्रवार, २९ ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत मिळावा. फोन चालणार नाही. पत्र उद्या गोदा पोस्टात टाकेल. मी स्वतः गेले असते. पण पोस्टाची पेटी पुढे आहे.